वाचकांचे प्रश्न : पॉडकास्टचं वेळापत्रक झेपेल असं कसं आखावं?

पॉडकास्ट सुरू कसा करावा, असं विचारणाऱ्या पत्रांपेक्षा सुरू केलेला पॉडकास्ट चालू कसा ठेवावा, असं विचारणारी पत्रं आता जास्त येऊ लागली आहेत. गोव्यातून मराठीत इतके लोक नेटाने बोलू पाहतात ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच या वेळी सदरातली सगळी जागा वेळापत्रकाला दिली आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. एक मैत्रीण आणि मी मिळून गोव्यातल्या तळ्या, झरी, खाजन शेतांचे (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांचे) बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) या विषयावर पॉडकास्ट करतो. दर शनिवारी भाग येईल, असं पहिल्याच भागात सांगून बसलो. सहा भाग वेळेवर आले, सातवा तीन आठवडे उशिरा आला, आठव्याचं एडिटिंग अजून व्हायचं आहे. आठवड्याला एक भाग हे नोकरी सांभाळून जमणारच नाही का?

उत्तर : जमेल, पण तुमच्याकडे आज जेवढे तास आहेत तेवढ्यात नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. वार आधी ठरतो आणि तासांचा हिशेब नंतर सुचतो. तो उलट करायला हवा.

अर्ध्या तासाचा, एका पाहुण्याशी गप्पांचा भाग धरा. वाचन आणि प्रश्न काढणं यात दोन तास जातात. पाहुण्याला फोन, वेळ ठरवणं, आठवण करणं यात अर्धा तास. माइक मांडून, आवाज तपासून पन्नासेक मिनिटं बोलणं रेकॉर्ड करायला दीड तास, त्यात प्रवास धरलेला नाही. एडिटिंगला सरावलेला हात नसेल तर कच्च्या रेकॉर्डिंगच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो, म्हणजे तीन तास तरी. तयार भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून बारीकसारीक दुरुस्त्या करायला पाऊण तास. शीर्षक, सोबतचा मजकूर, चित्र आणि अपलोड यांना पाऊण तास. लोकांना कळवणं अर्धा तास. बेरीज नऊ तास होते.

आता दुसरी बाजू पाहा. तुम्हा दोघींना आठवड्याला प्रत्येकी तीन तास मिळतात असं धरलं, तर सहा झाले. त्यातला तिसरा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवा. पेपर तपासायचे असतात, घरात कुणी आजारी पडतं, पाहुणे येतात. उरले चार. नऊ तासांचं काम आठवड्याच्या चार तासांत दर शनिवारी होणार नाही, हे उघड आहे. पंधरवड्याचे आठ तास धरले तरी एक तास कमी पडतो. तेव्हा पंधरवडा ठेवा आणि भाग वीस मिनिटांचा करा. कच्चं रेकॉर्डिंग तीस मिनिटांवर आलं की रेकॉर्डिंगचा अर्धा तास, एडिटिंगचा एक तास आणि ऐकण्याची पंधरा मिनिटं वाचतात. सव्वासात तासांत भाग हातावेगळा होतो आणि पाऊण तास गाठीला राहतो.

हे आकडे सरासरीचे आहेत, तुमचे वेगळे असतील. पुढच्या तीन भागांना प्रत्येक टप्प्याला लागलेली मिनिटं वहीत लिहून ठेवा. एडिटिंगला लागलेला खरा वेळ पाहिला की अनेकांना धक्का बसतो. तो कमी करायचा एक साधा उपाय रेकॉर्डिंगच्या वेळीच करता येतो. बोलताना अडखळलात तर थांबा, माइकसमोर एक टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणा. ऑडॅसिटी किंवा रीपर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की टाळीच्या जागी उभा टोकदार सुळका दिसतो. चुका शोधायला तासभर कान लावून बसावं लागत नाही, थेट सुळक्यांवर जाता येतं. पाहुण्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर मध्येच टाळी ऐकून तो बिचकतो.

वार ठरवताना महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार घ्या. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो आणि पाच शनिवारांच्या महिन्यात तुम्हाला एक आठवडा जास्तीचा मिळतो. असे महिने वर्षात चार तरी असतातच. त्या आठवड्यात जादा भाग काढायचा मोह होईल, तो टाळा. मागे पडलेलं काम भरून काढायला वेळापत्रकात हीच जागा आहे.

पंधरवड्याची आखणी साधारण अशी बसेल. शनिवारी एक भाग प्रसिद्ध होतो. दुसऱ्या दिवशी रविवारी रेकॉर्डिंग, पण ते लगेच येणाऱ्या भागाचं नाही, चार आठवड्यांनी येणाऱ्या भागाचं. मंगळवार-बुधवारपर्यंत पहिली काटछाट, कारण काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते दोन-तीन दिवसच डोक्यात ताजं असतं. पुढच्या रविवारी दुसरीने बसून शेवटचा हात फिरवायचा आणि पूर्ण ऐकायचं. बुधवारी अपलोड. म्हणजे कुठल्याही क्षणी एक भाग आखणीत, एक एडिटिंगमध्ये आणि एक तयार असतो. सगळं एडिटिंग एकीच्याच गळ्यात असेल तर ती आजारी पडली की सारंच थांबतं. पत्रावरून तुमचंही तसंच झालेलं दिसतं. दोघींनाही ते यायला हवं.

पूर्ण ऐकण्याचा टप्पा घाईत गाळू नका. एकच वाक्य दोनदा राहणं ही नेहमीची चूक. दुसरी म्हणजे, कापून बाजूला सरकवलेला एखादा तुकडा एडिटिंगच्या पट्टीवर दूर उजवीकडे पडून राहतो आणि वीस मिनिटांचा भाग सव्वीस मिनिटांचा होतो. मध्ये सहा मिनिटं शांतता, मग अचानक कुणाचं तरी अर्धं वाक्य. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय हे सापडत नाही.

प्रश्न : म्हापशाला राहतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघे मित्र फुटबॉलवर मराठी पॉडकास्ट काढतोय. दोन भाग तयार आहेत. लगेच सुरू करावं, की आणखी थांबावं? किती भाग तयार असले म्हणजे पुरे?

उत्तर : पंधरवड्याला एक भाग काढणार असाल तर चार तयार हवेत, आठवड्याला काढणार असाल तर सहा. सुरुवातीला त्यातले दोन एकदम प्रसिद्ध करा, म्हणजे पहिला आवडलेल्याला लगेच दुसरा ऐकायला मिळेल. बाकीचे शिलकीत.

दोन भाग तयार असताना एक काम मात्र आजच उरकता येईल. मिनिट-दीड मिनिटाचा ट्रेलर करून तो होस्टिंगवर (भागांच्या फाइली ठेवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर) चढवा आणि तिथे मिळणारं फीड, म्हणजे अॅपना तुमचे भाग पुरवणारा दुवा, अॅपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय वगैरे ठिकाणी नोंदवा. मंजुरीला कधी काही तास लागतात, कधी काही दिवस. पहिला भाग शनिवारी जाहीर करून शुक्रवारी नोंदणीला गेलेल्यांची फार धावपळ होते. मुखपृष्ठाचं चित्र चौरस हवं, अॅपलला ते किमान 1400 आणि कमाल 3000 पिक्सेलचं लागतं. याच कारणावरून पहिली नोंदणी परत येण्याचे प्रकार बरेच होतात.

शिलकीत कुठले भाग ठेवायचे हे तुमच्या विषयात फार महत्त्वाचं आहे. कालच्या सामन्यावरचा भाग शिलकीत टिकत नाही, आठवड्यात शिळा होतो. गावातल्या मैदानांचा इतिहास, पंचांचं काम कसं चालतं, गुडघ्याच्या दुखापतीनंतरचा व्यायाम, असे विषय तीन महिन्यांनीही तितकेच ऐकण्याजोगे असतात. ते रेकॉर्ड करताना ‘आज’, ‘गेल्या रविवारी’, ‘सध्याचा पाऊस’ असे शब्द तोंडात येऊ देऊ नका. एका भागात ‘सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा’ आलं की तो भाग पुढे-मागे सरकवता येत नाही.

याशिवाय अडीअडचणीसाठी दहा मिनिटांचा एक भाग वेगळा करून ठेवा, एकट्याने बोललेला. मराठी सावकाश वाचताना मिनिटाला साधारण 110 ते 130 शब्द होतात, म्हणजे बाराशे शब्दांची संहिता पुरते. तो वापरलात की पहिल्या सुट्टीला त्याच्या जागी दुसरा करायचा.

शिल्लक दोनवर आली की पुढचा शनिवार-रविवार रेकॉर्डिंगला राखून ठेवायचा, हा नियम तिघांनी आजच मान्य करा. एका दिवसात दोनच भाग रेकॉर्ड करा. तिसरा भाग ऐकला की कळतं, आवाज बसलेला असतो, हसणं ओढूनताणून येतं, प्रश्न पुन्हा पुन्हा तेच होतात. जो भाग जड आहे, ज्यात आकडे आणि नावं जास्त आहेत, तो आधी घ्या. दोन्हींच्या मध्ये तासभर तरी जाऊ द्या आणि दुसरा सुरू करण्याआधी माइकची पातळी पुन्हा तपासा. दमलेला माणूस नकळत माइकपासून मागे सरकतो.

प्रश्न : आमचं घर सत्तरीत, वाळपईपासून आत. अर्ध्या घरावर कौलं, अर्ध्यावर पत्रे. जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंग म्हणजे नुसता पावसाचा आवाज, त्यात वीज जाते. पाऊस संपला की जत्रा सुरू, मग आमचे पाहुणे मिळत नाहीत, कारण पॉडकास्ट लोककलांवर आहे. वर्षाचं वेळापत्रक कसं बसवायचं?

उत्तर : या पत्राने आम्हाला फार आनंद दिला, कारण बाहेरचे सगळे सल्ले वर्षाचे बावन्न आठवडे सारखेच धरून चालतात. गोव्यात ते सारखे नसतात. तुम्ही सीझन करा आणि सुट्ट्या वेळापत्रकातच लिहून टाका.

पहिला आणि तिसरा शनिवार धरून एक आराखडा देतो. पहिला सीझन जूनच्या पहिल्या शनिवारी सुरू होऊन ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी संपेल, सहा भाग. चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीला आली काय किंवा सप्टेंबरच्या मध्याला आली काय, तुम्ही त्याआधी मोकळे झालेले असता. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या मांडवाचं) सामान, घरची साफसफाई, माणसांची ये-जा, या दिवसांत कुणी एडिटिंग करणार नाही आणि करूही नये. सप्टेंबर पूर्ण सुट्टी. दुसरा सीझन ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपासून डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपर्यंत, पाच भाग. दिवाळी ज्या शनिवारला खेटून येईल त्या दिवशी शिलकीतला भाग लावायचा. डिसेंबरचा तिसरा शनिवार सोडून द्या. नाताळ आणि नव्या वर्षाच्या गर्दीत हॉटेल, टॅक्सी, दुकान यांत काम करणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि तेच तुमचे ऐकणारे आहेत. तिसरा सीझन जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या शनिवारपर्यंत, सहा भाग. वर्षाचे सतरा भाग झाले. सतरा चांगले भाग ही लहान गोष्ट नव्हे.

पावसाळ्यात येणारे सहाच्या सहा भाग एप्रिल-मेमध्ये रेकॉर्ड करायचे. आठ-नऊ आठवडे मिळतात, एका आठवड्याआड एक धरलं तरी चार होतात, उरलेले दोन एखाद्या दिवशी जोडीने. या दिवसांत पंखा बंद ठेवून बसणं कठीण असतं. म्हणून वीस मिनिटं बोलायचं, पंखा लावून पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा बोलायचं. पंखा चालू ठेवून नंतर आवाज काढू, असं ठरवू नका. काजूचा हंगामही तेव्हाच असतो. पाहुणा बागायतदार असेल तर तो सकाळी मोकळा नसतो, दुपारीच मिळतो.

आणि दुपारच खरी चांगली. सकाळी पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू, मग मासळीवाल्याचा, मग बसेस. दुपारी दोन ते साडेतीन गाव झोपलेलं असतं. चार वाजले की पदेर पुन्हा येतो. पाहुण्याला दीड वाजता बोलवा, दोनला सुरू करा, साडेतीनला आवरा. रात्र शांत वाटते, पण मे संपत आला की रातकिडे आणि पहिला पाऊस पडला की बेडूक असा सूर धरतात, की तो काढता काढता माणसाचा आवाजही जातो.

पत्र्यावरच्या पावसाचं असं आहे की तो आवाज एका पट्टीत नसतो, खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांची धार जिथे असते तिथेही तो असतो. नॉइज रिडक्शन लावून तो काढायला गेलात की ती धारही जाते आणि बोलणारा पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. पंख्याची एकसारखी घरघर थोडीफार तरी निघते, पाऊस निघत नाही, कारण तो क्षणाक्षणाला बदलतो. पावसात रेकॉर्डिंग करावंच लागलं तर कौलांच्या बाजूची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली आतली खोली घ्या. मागे कपड्यांचं उघडं कपाट, समोर उभी केलेली गादी, आणि दूरचे बारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सर माइकऐवजी मुख्यतः जवळचा आवाज घेणारा डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर. माइक जवळ असला की गेन (आवाज वाढवायचं प्रमाण) कमी लागतो, आणि गेन कमी म्हणजे पाऊसही कमी.

कंडेन्सर माइक वापरत असाल तर ओलाव्याकडे लक्ष द्या. जुलैत तडतड, फुसफुस ऐकू येऊ लागली की लोक केबल बदलतात, पण बऱ्याचदा दोष माइकच्या आत शिरलेल्या दमटपणाचा असतो. काम झालं की माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला किंवा वाळवून घ्या.

विजेसाठी दोन गोष्टी. रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या बॅटरीवर करा, चार्जर काढून. इन्व्हर्टर चालू असताना चार्जर लावलेला असला की खालून बारीक गुणगुण येते. आणि शनिवारचा भाग बुधवारीच चढवून ठेवा. गुरुवार-शुक्रवार वीज किंवा इंटरनेट गेलं तरी काही अडत नाही. एका माइकच्या बोलण्याला मोनो, 96 केबीपीएसची एमपीथ्री पुरते. वीस मिनिटांची फाइल साडेचौदा एमबीच्या आसपास होते, ती मोबाइलच्या इंटरनेटवरूनही जाते.

आता पाहुणे. उत्सवी नाटकांत काम करणारे कलाकार जत्रांच्या दिवसांत मिळणार नाहीत, भजनी मंडळी श्रावणात सप्ताहांत गुंतलेली असतात. त्यांना पकडायचं ते एप्रिल-मेच्या मधल्या दिवसांत, किंवा चतुर्थीनंतर सप्टेंबरच्या शेवटी. धालो, म्हणजे बायकांचे नाच-गाण्यांचे खेळ, पौषात असतात. म्हणून त्या बायकांशी आधी नोव्हेंबरात बसून बोला, भाग जानेवारीत लावा. ऐन वेळी ऐकणाऱ्याच्या कानावर पडेल आणि त्यांच्या कामात आपली लुडबुडही होणार नाही. शिरगावच्या जत्रेसारखा वैशाखातला विषय मात्र या आराखड्यात सीझनबाहेर पडतो. तो ‘बोनस’ म्हणून एकटाच लावा. फीडमध्ये भागाचा प्रकार निवडताना पूर्ण, ट्रेलर आणि बोनस असे पर्याय असतात, त्यामुळे सीझनचे क्रमांक बिघडत नाहीत.

सीझनच्या शेवटच्या भागात पुढच्याची तारीख सांगायची असेल तर पुढचे तीन भाग रेकॉर्ड झालेले असले तरच सांगा. नसतील तर महिना सांगा, तेवढं पुरे.

प्रश्न : मडगावहून लिहिते आहे. पाहुणे ऐन वेळी रद्द करतात आणि माझा भाग चुकतो. तीनदा झालं. माणसांना बांधून कसं घालायचं?

उत्तर : बांधता येत नाही, आणि रागही धरू नये. माणूस तुम्हाला फुकट वेळ देतो आहे. बदल तुमच्या बाजूने करायचा. जो भाग रेकॉर्ड झालेला नाही त्याला प्रसिद्धीची तारीख द्यायचीच नाही. पाहुण्याचं नाव आधी जाहीर करणं तर अजिबात नको.

वेळ तीन आठवडे आधी ठरवा आणि ठरवतानाच पर्यायी दुसरी तारीख घेऊन ठेवा. चार दिवस आधी चार-पाच मुख्य प्रश्न पाठवा. पुष्कळदा पाहुणा रद्द करतो तो कामामुळे नव्हे, काय विचारतील या धास्तीने. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करा, नुसता मेसेज नको. वयस्क पाहुण्यांना तर फोनच करावा, आणि येण्याजाण्याची सोय आपणहून विचारावी.

येणं जमलंच नाही तर फोनवर बोला, पण दोघांनीही आपापला आवाज आपापल्या मोबाइलच्या रेकॉर्डरवर टिपायचा. बोलणं एका मोबाइलवरून इअरफोन लावून चालू ठेवायचं, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग. पाहुण्याच्या घरी दुसरा मोबाइल बहुतेक असतोच. सुरुवातीला दोघांनी एकदमच टाळी वाजवायची, नंतर दोन फाइली त्या टाळीवर जुळवायच्या. फाइल व्हॉट्सअॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. व्हॉइस मेसेज करून पाठवला तर तो खूप दाबला जातो आणि गोड आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो.

एक जास्तीची सूचना. भाग प्रसिद्ध होण्याआधी पाहुण्याला ऐकायला द्यायचा असेल तर उत्तराची मुदत ठरवून द्या, तीन दिवसांची. ‘बुधवारपर्यंत काही कळलं नाही तर भाग असाच जाईल’ असं नम्रपणे लिहून कळवा. मुदत न देता पाठवलेले भाग महिना महिना अडकून राहतात.

प्रश्न : पणजीला नोकरी करतो. भाग सकाळी सातला लावून ठेवला होता, पण आला दुपारी साडेबाराला. होस्टिंगचा घोळ असेल का? आणि कुठल्या दिवशी भाग काढला की जास्त लोक ऐकतात?

उत्तर : सात आणि साडेबारा यांतलं अंतर बरोबर साडेपाच तासांचं आहे. तुमच्या खात्यात वेळेची सेटिंग जीएमटीवर राहिली आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन कोलकाता किंवा भारतीय प्रमाणवेळ असा करा आणि आधीच लावून ठेवलेल्या प्रत्येक भागाची वेळ एकदा उघडून पाहा, कारण काही ठिकाणी जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. काही होस्टिंगवर ही सोयच नसते. तिथे साडेपाच तास वजा करून वेळ घाला. सकाळी सातसाठी रात्री दीड, आणि तारीख तीच राहते. पहाटे साडेपाचच्या आधीची वेळ हवी असेल तर मात्र तारीख आदल्या दिवसाची घालावी लागते.

वेळ बरोबर लावली तरी प्रत्येक अॅप फीड आपल्या सवडीने तपासतं. कुठे काही मिनिटांत दिसतं, कुठे दोन-तीन तासांनी. सकाळच्या बसमध्ये लोकांनी ऐकावं अशी इच्छा असेल तर चारला लावा, सातला नको. व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवायचा तो स्वतः अॅपमध्ये भाग उघडून पाहिल्यावरच.

प्रसिद्ध झाल्यावर चूक दिसली तर भाग काढून पुन्हा नव्याने टाकू नका. होस्टिंगवर ‘फाइल बदला’ असा पर्याय असतो, तो वापरा. नव्याने टाकलेल्या भागाला नवी ओळख मिळते, ऐकणाऱ्यांना तोच भाग दोनदा दिसतो आणि आधीची आकडेवारी वेगळी पडते. ज्यांनी आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडे जुनाच राहणार, हे धरून चालावं. किरकोळ अडखळणं असेल तर सोडून द्या. नाव किंवा तथ्य चुकलं असेल तर फाइल बदला आणि सोबतच्या मजकुरात दुरुस्ती लिहा.

वाराबद्दल स्पष्ट सांगतो, सगळ्यांना लागू पडेल असा चांगला वार नाही. तुमचं काम रविवारी होत असेल तर बुधवार घ्या, सोमवार नको. तयार झालेला भाग आणि प्रसिद्धी यांत दोन दिवस मोकळे असले की ऐकून दुरुस्त करता येतं. वार एकदा घेतला की सहा महिने बदलू नका.

प्रश्न : डिचोलीहून. माझा पॉडकास्ट पाच महिने बंद आहे. आता पुन्हा सुरू करायला संकोच वाटतो. ऐकणाऱ्यांना काय सांगू?

उत्तर : संकोच करू नका, ऐकणारी माणसं तुम्ही समजता त्यापेक्षा समजूतदार असतात. लांबलचक माफी नको. पहिल्या भागाच्या सुरुवातीला दोन वाक्यं पुरेत, ‘मधल्या काळात भाग आले नाहीत. आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक भाग येईल.’ पण हे वाक्य म्हणायच्या आधी तीन भाग तयार हवेत, आणि पूर्वीपेक्षा गती कमी ठेवा. पंधरवड्याचा मोडला असेल तर महिन्याचा करा. नव्या सीझनचा क्रमांक द्या, म्हणजे मधली पोकळी सहज समजून जाते.

होस्टिंगचे पैसे थकले नाहीत ना, तेवढं आज तपासा. खातं बंद झालं तर फीड बंद होतं, आणि जुने भागही अॅपमधून जातात. मूळ फाइली तुमच्याकडे आहेत का तेही पाहा. नसतील तर खातं चालू असेपर्यंत एकेक करून उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा.

प्रश्न : लोक म्हणतात यूट्यूबवर व्हिडिओ टाकल्याशिवाय पॉडकास्ट कुणी ऐकत नाही. व्हिडिओ घेतला तर वेळापत्रकाला किती फरक पडेल? (वास्को)

उत्तर : खूप. दोन कॅमेरे, उजेड, मागची भिंत, पाहुण्याचे कपडे, आणि कापलेल्या प्रत्येक जागी चित्रात उडी दिसते ती झाकण्याचं काम. एडिटिंग दुप्पट धरा आणि साठवणीला मोठी हार्ड डिस्क. टाळी वाजवून वाक्य पुन्हा म्हणायची सोयही व्हिडिओत तितकी सोपी राहत नाही. आधी सहा महिने ध्वनीचं वेळापत्रक न चुकता पाळून दाखवा. तोवर मुखपृष्ठाच्या स्थिर चित्रावर तोच आवाज लावून यूट्यूबवर टाका आणि ती प्लेलिस्ट ‘पॉडकास्ट’ म्हणून नोंदवा. त्याला भागामागे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. पुढे व्हिडिओ घ्यायचाच झाला तर सीझनमधल्या एकाच भागाचा घ्या, जिथे पाहायला खरोखर काही आहे, आणि त्या भागासाठी पाच शनिवारांचा महिना निवडा.